परड्यात ठेवल्यालं

कोल्हापुरात राजारामपुरीत एका औषधाच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं आणि दारावर पाटी होती, 'सोपा'. त्यामुळं आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी धापा टाकत जिना चढून यायचं आणि विचारायचं, "थ्री सीटर हाय का तुमच्याकडं?" आम्ही सोफासेट विकत नाही, कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम करतो, असं सांगितलं की माणूस आमच्यावरच उखडायचा. "मग पाटी कशाला लावलायसा सोफ्याची?" माझा भागीदार अशपाक मुल्ला अशा सगळ्यांना चहा पाजायचा. एका पाहुण्यानं चहा पिता पिता आमचा प्रोग्रॅम बघितला आणि सोफ्याऐवजी तोच घेऊन गेला. घरी काय ऐकून घ्यावं लागलं ते त्यानं कळवलं नाही.

सोपा म्हणजे आपल्याकडच्या घरातली दाराजवळची पहिली खोली, आल्यागेल्यानं बसायची. आणि सोपा म्हणजे अवघड नसलेला. हे नाव अशपाकला सुचलं आणि पुढची तीन वर्षं तो ते प्रत्येकाला समजावून सांगत राहिला. ज्याचं नाव समजावून सांगावं लागतं ते सोपं कसं, असं मी त्याला विचारत असे.

आमचा धंदा बाहेरच्या माणसाला दोन वाक्यांत सांगता येत नाही, तेव्हा जरा जास्त घेते. कॉम्प्युटर सुरू केल्यावर पडद्यावर जे पहिलं चित्र येतं त्याला डेस्कटॉप म्हणतात, म्हणजे टेबलाचा वरचा भाग. ज्यांनी ते पहिल्यांदा कल्पिलं त्यांच्यासमोर टेबल होतं. म्हणून पडद्यावर टेबल आलं, टेबलावर फायली आल्या आणि टेबलाशेजारची कचऱ्याची टोपलीही आली. आम्ही म्हणत होतो, टेबलाऐवजी घर दाखवू. पुढं जाता येईल, मागं वळता येईल, माळ्यावर चढता येईल असं. पडदा सपाटच असतो. पण जवळचं मोठं आणि लांबचं लहान काढलं, आणि बघणारा सरकला की सगळं चित्र त्या हिशेबानं नव्यानं काढलं, की डोळा फसतो आणि पडद्याला खोली येते. हे चित्र सेकंदाला निदान तीस वेळा काढावं लागतं. तिसाचे वीस झाले की घर गचके खायला लागतं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर माणूस नाव विसरतो पण जागा विसरत नाही. स्वयंपाकघरात दिवे गेले तरी हळदीचा डबा बरोबर हाताला लागतो. मग महत्त्वाचा कागद सापडायला त्याचं नाव आठवायची सक्ती कशाला? फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवला होता, एवढं आठवलं की पुरे.

मला हे वेड वडिलांकडून आलं. ते उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी तो लाकडात करायचा, लाकूड वाळूत दाबून काढून घ्यायचं आणि राहिलेल्या पोकळीत धातू ओतायचा. त्यातला लाकडाचा भाग वडील करत. जेवताना ते मला विचारायचे, "ही वाटी पालथी घातली तर आतली हवा कसल्या आकाराची?" चुकले तर भाकरी मिळायची, पण हसू ऐकून घ्यावं लागायचं. मी त्यांना माझं काम दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसून पडद्याच्या मागंही बघितलं आणि म्हणाले, "लाकूड न्हाय, वाळू न्हाय. मग ओतणार काय?" पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला त्यांची मोजपट्टी दिली. माझ्या सगळ्या पदव्यांपेक्षा त्या पट्टीचं मला अप्रूप आहे.

अशपाक आधी कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. त्याच्या क्लासला आलेल्या एका मावशींनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "सर, ह्यो टेबल कुणाचा? आपुन बसलोय ते चालतंय न्हवं त्यास्नी?" मावशींनी आयुष्यात धान्य निवडलं, शिवण शिवलं, पोरांचे अभ्यास घेतले, सगळं जमिनीवर बसून. टेबल म्हटलं की ते कुठल्या तरी साहेबाचंच असणार. अशपाक ते माझ्याकडं येऊन सांगत होता आणि हसत होता, आणि हसता हसता दोघांनीही पडद्यावरच्या टेबलाकडं पुन्हा बघितलं. 'सोपा'ची सुरुवात तिथून झाली.

खरं घर मोजायला आम्ही गडमुडशिंगीला अशपाकच्या मित्राकडं गेलो. मित्र शेतावर होता आणि त्याच्या आईला काहीच माहीत नव्हतं. दोन अनोळखी माणसं टेप घेऊन उंबऱ्याची उंची मोजताना बघून त्या कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या. "घर इकायचं न्हाय आमास्नी." अर्धा तास समजूत घातल्यावर म्हणाल्या, "कॉम्पुटरात घालणार? मग जरा थांबा, सारवून घेते."

त्या मोजमापांवरून आमचं घर उभं राहिलं. नवीन आलेलं सगळं सोप्यात. चालू काम माजघरात. जुनं पण लागणारं माळ्यावर. आणि घरामागं परडं, म्हणजे परसदार. कचऱ्याच्या टोपलीच्या जागी आम्ही परडं ठेवलं. मी वाढले गल्लीतल्या दोन खोल्यांत, अशपाकच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून गटार. परडं मी बघितलं ते मामाच्या गावी सुट्टीत, आणि माझ्या लक्षात काय राहिलं, तर मामी उष्टं-खरकटं घेऊन मागच्या दारानं परड्यात जायची. ज्या दोघांना घरामागं परडं नव्हतं त्यांनी जिल्ह्यासाठी परडं बांधलं, असा हा प्रकार.

गिऱ्हाइकांनी आम्हाला पुष्कळ शिकवलं. एक तालमीतले वस्ताद होते, साठी ओलांडलेले, दंड अजून माझ्या मांडीएवढे. तालमीतल्या पोरांचे फोटो आणि वजनं नीट ठेवायला त्यांना प्रोग्रॅम हवा होता. अशपाकनं चित्राला जरासा हेलकावा दिला होता, माणूस चालताना मान हलते तसा. त्याचा त्याला फार अभिमान. वस्ताद सोप्यातून माजघरात गेले, माळ्याकडं वळले आणि खुर्चीचे हात घट्ट धरून डोळे मिटून बसले. लिंबू-सरबत आणलं. ते पिऊन झाल्यावर म्हणाले, "आजपातूर मला कुणी आस्मान दावलं न्हवतं. तुमच्या माजघरानं दावलं बगा." हेलकावा त्याच दिवशी काढला.

दुसरे एक चपलांचे व्यापारी. त्यांनी प्रोग्रॅम उघडला, पडद्यावर उंबरा आला आणि हे थांबले. पुढं जाईनात. "चपला कुठं काढायच्या?" आम्ही म्हटलं, काका, हे चित्र आहे. "चित्र आसंल. पर घर हाय का न्हाय?" मग आम्ही उंबऱ्याशी चपलांचा जोड काढला. पुढं त्यातून एक युक्ती निघाली. केलेलं काम जतन न करता कोणी बाहेर पडायला लागलं की चपला उलट्या पडलेल्या दिसायच्या. उलटी चप्पल बघून न वाकणारा माणूस आपल्या भागात अजून जन्माला यायचाय. लोक ती सरळ करायला पटकन बटण दाबायचे आणि काम जतन व्हायचं. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीतले लोक आमचं काम बघायला आले तेव्हा चपलेवर ते वेडे झाले. मी वरवर साधं तोंड ठेवलं, पण आतून फुगले होते.

आणि अशाच फुगलेल्या दिवसांत आम्ही अमावास्या घातली. परड्यात साठलेलं कधीतरी निघून जायला हवं, नाहीतर कॉम्प्युटर भरून जातो. अशपाक म्हणाला, "महिन्याला झाडायचं तर तारीख कशाला? अमावास्येला झाडू की. लोक घरं झाडतातच." त्यानं पंचांगाचं गणित बसवलं. प्रोग्रॅम सुरू होताना अमावास्या होऊन गेलेली असेल तर आधी परडं स्वच्छ व्हायचं, खराट्याचा आवाज यायचा आणि मग दार उघडायचं. तो आवाज मी स्वतः आमच्या गच्चीवर खराटा मारून घेतला होता. ऐकून लोक खूश व्हायचे. आम्हाला वाटलं, मातीतला कॉम्प्युटर केला.

कुरुंदवाडला काही बायकांचा बी-बियाण्यांचा गट होता. घरचं, जुन्या वाणाचं भाजीचं बी राखायचं आणि एकमेकींना द्यायचं, एवढंच काम. मोठ्या पुरात गावात पाणी शिरलं आणि त्यांच्या घराघरातले बियांचे डबे वाहून गेले. त्यात सगळ्यात जास्त वाण होते एका बाईंकडं. त्यांची सून रंजना त्यांना आत्ती म्हणायची, आपल्याकडं सासूला म्हणतात तसं, म्हणून मीही आत्तीच म्हणते. पूर ओसरल्यावर आत्ती एसटीनं फिरल्या. माहेरी, नणंदांकडं, लेकींच्या सासरी, जिथं जिथं त्यांनी पूर्वी मूठभर बी दिलं होतं तिथून मूठभर परत आणलं. सगळं नाही, पण एकेचाळीस वाण परत आले. रंजनाला मात्र धास्ती बसली. बी परत आलं, पण ते कसं राखायचं हे आत्तींच्या डोक्यात. कुठलं फळ बियाला ठेवायचं, कधी तोडायचं, राखेत की उन्हात, कुणाशेजारी काय लावायचं नाही. म्हणून तिनं मोबाइलवर एकेका वाणाबद्दल आत्तींचं बोलणं ध्वनिमुद्रित करायला घेतलं. एका संस्थेनं गटाला कॉम्प्युटर दिला आणि त्यावर 'सोपा' घालायला मी गेले.

रंजना बारावी शिकलेली, चटपटीत. मी तिला घर दाखवलं. हा सोपा, हे माजघर, हा माळा. शेवटी मागचं दार उघडलं आणि म्हटलं, "आणि हे परडं. परड्यात काय करायचं ते तुम्हाला सांगायला नको."

ती हसली. "परड्याचं आमास्नी सांगताय व्हय, ताई?"

मीही हसले आणि साडेचारची एसटी गाठली. माझ्या सगळ्या धंद्यातली सगळ्यात महागडी चूक कुठली असं कोणी विचारलं तर मी ही दोन वाक्यं सांगते.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी सकाळी तिचा फोन आला. मधल्या काळात आत्तींना अर्धांगाचा झटका आला होता, दवाखाना झाला होता, हे मला माहीत नव्हतं. कॉम्प्युटर एवढे दिवस बंदच होता.

"ताई, परडं मोकळं दिसाय लागलंय."

"मग चांगलंच की," मी म्हटलं. "अमावास्या होऊन गेली, झाडून निघालं."

मग ती म्हणाली, "त्यात आत्तीचं बोलणं हुतं. समदं. आता आत्तीची वाचा गेल्या."

मोबाइल भरला म्हणून तिथलं तिनं पुसून टाकलं होतं. कॉम्प्युटरात जपून ठेवलंय या भरवशावर. आणि परडं मोकळं बघून घाबरून, मला फोन करायच्या आधी, तिनं मोबाइलमधले होते नव्हते ते सगळे फोटो कॉम्प्युटरात घातले होते. त्यांच्याबरोबर आवाज परत येतील असं तिला वाटलं.

मी एवढंच म्हणू शकले की बंद करा, आता कशालाही हात लावू नका, आम्ही येतो. अशपाकनं मोटरसायकल काढली.

पुसलेलं परत कसं येतं ते सांगते. कॉम्प्युटर एखादी गोष्ट पुसतो म्हणजे दारावरची पाटी काढतो, बिऱ्हाड आतच असतं. ती जागा मोकळी आहे असं समजून दुसरं काही आत राहायला आलं की मगच पहिलं बिऱ्हाड मोडतं. पाटी नसलेली घरं शोधत हिंडायचे प्रोग्रॅम असतात. पण रंजनानं घाबरून जे फोटो घातले होते, त्यांनी किती घरं घेतली असतील ते सांगता येत नव्हतं.

घरात शिरलो तर रंजना म्हणाली, "आत्ती मागं हाय." आम्ही मागच्या दारानं गेलो आणि मी पहिल्यांदा परडं नीट बघितलं.

दाराशी बाजेवर आत्ती बसल्या होत्या, पाठीला उशी, डावा हात मांडीवर निपचित. समोर ओळीनं वांग्याची, भेंडीची झाडं, कुडावर दोडका आणि पावट्याचे वेल. एकेका झाडावर एकेका फळाला लाल चिंधी बांधलेली. वांगं पिवळं पडून लोंबत होतं, दोडका वाळून खडखडत होता.

"ही तोडायची राहिलीत का?" मी विचारलं.

"ती बियाची. चिंधी आसली की कुणी हात लावायचा न्हाय." रंजनानं एक दोडका हलवून दाखवला. "बी परड्यातच धरायचं आसतंय. रानात येणारा-जाणारा तोडून नेतोय. हितं आत्तीची नजर आसत्या." मग माझ्याकडं वळून तिनं विचारलं, "परड्यात ठेवल्यालं कदी कुठं जातंय व्हय, ताई?"

रागानं विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिला खरंच कळत नव्हतं. तिनं जिवापाड जपायचं ते सगळ्यात सुरक्षित जागी नेऊन ठेवलं होतं, आणि आम्ही त्या जागेवर खराटा फिरवला होता.

अशपाक आत जाऊन कॉम्प्युटर उघडायला लागला. मी तिथंच उभी राहिले. म्हटलं, "मग नको असलेलं कुठं टाकता तुम्ही?"

तिला प्रश्नच पटकन समजला नाही. "नगं आसल्यालं म्हंजे? खरकटं म्हशीला. शेण उकिरड्यात. उकिरड्यातलं रानात. राख बियाला." थोडा विचार करून म्हणाली, "आगदीच काय नगं आसंल तर चुलीत."

माझी मामी खरकटं घेऊन परड्यात जायची हे खरं. पण ती टाकायला जात नव्हती, म्हशीला घालायला जात होती. म्हैस मी बघितली होती. माझ्या डोक्यात ती कुठंच बसली नव्हती.

पुढं आम्ही प्रोग्रॅममध्ये काय केलं ते इथंच सांगून टाकते. परडं राहिलं, पण तिथलं काही आपोआप जायचं बंद झालं. अमावास्या काढली. टाकून द्यायला चूल केली, आणि चुलीत घालताना प्रोग्रॅम दोनदा विचारायचा. जिल्ह्यात ज्यांच्या ज्यांच्याकडं 'सोपा' होता त्या सगळ्यांकडं आम्ही स्वतः गेलो, आणि आणखी तिघीजणी निघाल्या ज्यांनी परड्यात ठेवणीतलं ठेवलं होतं. त्यांची पुढची अमावास्या अजून यायची होती, एवढं आमचं नशीब. गंमत म्हणजे पुरुषांपैकी एकानंही ठेवलं नव्हतं. त्यांनी सगळं सोप्यातच पसरलं होतं.

'सोपा' आता बंद आहे. लोकांचे हिशेब, फोटो, गप्पा सगळं मोबाइलच्या वीतभर पडद्यावर गेलं आणि वीतभर जागेत घर मावत नाही. त्याचं मला फारसं दुःख नाही. मध्यंतरी काही तरुण मंडळी मला शोधत आली. डोळ्यांवर मोठा चष्मा चढवला की माणूस थेट खोलीतच उभा राहतो, असं काहीतरी ते करताहेत. मीही चढवून बघितला. सुंदर होती खोली. वस्तादांची आठवण झाली म्हणून खुर्ची धरून बसले, पण काही झालं नाही. त्यांनी सल्ला मागितला तेव्हा मी एकच विचारलं, तुमच्या खोलीत टाकायची जागा कोणती, आणि ती तशी आहे हे कोणाला विचारून ठरवलं? मग मी त्यांना कुरुंदवाडचं सांगितलं, त्यातलं राहिलेलं आता इथं सांगते.

अशपाकनं डिस्क कोल्हापूरला आणली. चार दिवस तो त्यावर बसून होता. एकेचाळीसपैकी सत्तावीस आवाज परत आले, चौदा गेले. परत आलेल्यांची नावं पुसलेलीच होती, फक्त आकडे. कुठला आवाज कुठल्या वाणाचा हे ऐकल्याशिवाय कळणार नव्हतं, म्हणून मी ऐकायला बसले. आत्तींचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो असा. खणखणीत, करारी आवाज. एका वाणाबद्दल सांगताना त्या तिघा व्याह्यांची उणीदुणी काढायच्या. मध्येच रंजना काही विचारायची आणि आत्ती म्हणायच्या, "मदी बोलू नगंस. बी बोलाय लागलं की माणसानं गप ऱ्हायाचं." मला हसू यायचं आणि लगेच गेलेले चौदा आठवायचे. मी अशपाकला म्हटलं, हे माझ्यामुळं गेलं. तो म्हणाला, "तू सांगताना चुकलीस, मी बांधताना चुकलो. वाटून घेऊ." असा भागीदार ज्याला मिळतो त्यानं नशिबाबद्दल तक्रार करू नये.

सत्तावीस घेऊन आम्ही परत गेलो. रंजनानं बाजेशेजारी मोबाइल ठेवला आणि आत्तींचा आवाज परड्यात सुरू झाला. आत्तींनी आधी इकडंतिकडं बघितलं. मग ओळखलं. स्वतःच्याच 'मदी बोलू नगंस'वर त्यांचा चेहरा एका बाजूनं हसला. सगळे सत्तावीस त्यांनी ऐकले, मध्ये कोणालाही उठू दिलं नाही.

आता राहिले चौदा. मी माफीचं काही जुळवून आणलं होतं, ते बोलायला सुरुवात केली, पण रंजनानं माझ्या हातात मोबाइल दिला. "ऱ्हायल्यालं मी सांगते. तुमी धरा. चुकलं तर आत्ती बोट वर करंल."

आणि ती सांगायला लागली. आत्तींचा उजवा हात बाजेवर होता. बरोबर असलं की त्या बाज थोपटायच्या, चुकलं की बोट वर. पहिला वाण बोट न उठता गेला. दुसऱ्याला दोनदा उठलं, तिसऱ्याला एकदा. मला तिच्याबद्दल काय वाटलं ते सांगू? वर्गात पहिल्या बाकावर बसून तोंडी परीक्षा देणारी पोर दिसत होती, आणि मनातल्या मनात मी तिच्यासाठी नवस बोलत होते. तेरा वाण असे झाले.

चौदावं म्हणजे कृष्णाकाठचं पांढरट काटेरी वांगं. आत्तींच्या माहेरचं. रंजना म्हणाली, "तिसरं फळ बियाला ठेवायचं." बोट वर. "दुसरं?" बोट वर. "मग पैलं?" बोट वर, आणि या वेळी रागानं. रंजनानं चौथं, पाचवं सगळं म्हणून बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "न्हाय आठवत, आत्ती. सांगितलंतासा तुमी, मीच मदी बोलत हुते." आत्तींनी उजव्या हातानं तिचं मनगट पकडलं आणि ओढलं. कुठं, ते आधी कळलं नाही. मग अशपाक आणि मी दोन्ही बाजूंनी बाज उचलली आणि झाडांकडं नेली. मोबाइल माझ्या पदरात तसाच चालू होता.

वांग्याच्या झाडापाशी आत्तींनी रंजनाचा हात पानांत घातला. वर नाही, शेंड्याला नाही, खाली. जिथं खोडातून पहिली फांदी फुटते त्या बेचक्यात. तिथं एक वांगं होतं, बारकंच, चिंधी नसलेलं.

आम्ही आकडा विचारत होतो आणि त्या जागा सांगत होत्या. मी जन्मभर जागा हाच धंदा केला आणि माझ्याच डोक्यात हे येऊ नये, याची मला तेव्हा लाज वाटली आणि आनंदही झाला.

रंजना त्या वांग्यावर बोट ठेवून हळूहळू म्हणाली, "पैल्या बेचक्यातलं फळ. कितवं बी आसूदे. बेचक्यातलं ठेवायचं."

आत्तींनी बाज थोपटली नाही. त्यांची मान जराशी हलली आणि तोंडातून आवाज आला, "हूं."

झटक्यानंतरचा पहिला. पुढंही त्या फारसं काही बोलल्या नाहीत, दोन वर्षांनी गेल्या. पण आपल्याकडच्या सासवांचं ते हूं ज्यांनी ऐकलंय त्यांना वेगळं सांगायला नको. त्यात शाबासकी असते, आणि आता तू बघ, असंही असतं. रंजना तिथंच मातीत बसली.

निघायच्या आधी मी तिला ती चौदा बोलणी ऐकवली. शेवटचं अकरा मिनिटांचं झालं होतं. त्यात रंजनाचे चुकलेले आकडे होते, रडणं होतं, बाज उचलताना अशपाकचा कण्हण्याचा आवाज, कोंबड्या, आणि बराच वेळ नुसतीच शांतता. मी म्हटलं, "हे मधलं कापून टाकते. कामाचं तेवढं अर्ध्या मिनिटात बसेल."

रंजनानं मोबाइल माझ्या हातातून काढून घेतला.

"कापू नगासा, ताई. उद्या कुणी शिकाय बसलं तर त्येला कळूदे की, एक हूं मिळायला किती येळ लागतोय ते."